पट्टा कोणी बसवला

या अंकासाठी मिस्त्रींच्या आठवणी लिहून द्या, असा निरोप संपादकांनी माझ्या मुलाकडून पाठवला. वसमत भागातले जुने कारागीर असा काहीतरी विषय आहे म्हणे. मुलगा फोनवर म्हणाला, तू नुसतं सांग, मी लिहून घेतो, बाबांच्या चार चांगल्या गोष्टी सांग. मी त्याला म्हणाले, मला लिहिता येतं. दहावी पास आहे मी. तर हे मीच लिहिलं आहे. यात मिस्त्री आहेत, पण आठवणी माझ्या कामाच्या आहेत. संपादकांना ते चालणार नसेल तर त्यांनी खुशाल छापू नये.

मिस्त्री म्हणजे माझे यजमान, माधवराव. घरीदारी सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणायचे, म्हणून मीही इथं तेच नाव लिहिते. वसमतहून औंढ्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं गॅरेज होतं. पत्र्याचं शेड, मागं भंगाराचा ढीग, पुढं एक लिंबाचं झाड. त्यांचा हात खरंच चांगला होता, हे आधीच सांगून टाकते. पुढं मी जे लिहिणार आहे ते वाचून कोणाला वाटायला नको की मी त्यांचं काम नाकारते आहे. इंजिनाच्या आवाजावरून दुखणं ओळखणारा तसा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

रस्ता रुंद झाला आणि शेड गेलं. गाड्या मग घरी यायला लागल्या. आमचं घर गावाच्या कडेला, अंगण मोठं, शहाबादी फरशीचं. हळदीच्या दिवसांत शेजारच्या शेतातल्या आखाड्यावर हळद शिजते तेव्हा त्या वाफेचा वास अंगणात भरून राहायचा, त्यात डिझेलचा वास मिसळायचा. पाहुणे नाकाला पदर लावायचे. मला त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

गॅरेज घरी आलं त्याच सुमारास मिस्त्रींचा उजवा हात थरथरायला लागला. आधी चहाचा कप, मग पाना, मग बटण. नांदेडच्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला. मिस्त्रींनी घरी येऊन मला बजावलं, हे गिऱ्हाइकांच्या कानावर जाता कामा नये. हात हलणाऱ्या माणसाकडं इंजिन कोण उघडायला देणार?

बाकीची कामं तरी ते अजून ओढून नेत. ऑईल बदलणं, ब्रेक बसवणं, क्लच. टायमिंगचा पट्टा मात्र त्यांना जमेना.

हा पट्टा म्हणजे काय ते जरा सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. बॉनेट उघडल्यावर बाजूला जो पट्टा फिरताना दिसतो तो हा नव्हे. हा आत असतो, झाकणाखाली. इंजिनात पिस्टन वर-खाली होतात हे बऱ्याच जणांना माहीत असतं. त्यांच्या डोक्यावर व्हॉल्व्ह असतात. हवा आत घेणारी आणि धूर बाहेर सोडणारी ती दारंच समजा. दार उघडतं तेव्हा खाली येतं आणि पिस्टन तर वर येतो. दोघांची जागा एकच. फक्त एकाच वेळी त्यांनी तिथं यायचं नाही, एवढाच करार. तो करार हा पट्टा पाळून घेतो. रबराचा पट्टा, आतून दात. खाली पिस्टन हलवणाऱ्या क्रँकचं चाक, वर व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमचं चाक, दोन्हींना दात. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक. दोन्ही चाकांवर खूण असते. पट्टा बसवताना दोन्ही खुणा आपापल्या जागी पाहिजेत. एखादा दात इकडं-तिकडं झाला तर गाडी ओढत नाही, कुरकुरते. जास्त दात चुकले किंवा पट्टाच तुटला तर बऱ्याच इंजिनांत पिस्टन जाऊन व्हॉल्व्हवर आदळतात. व्हॉल्व्ह वाकतात. मग वरचं सगळं हेड उतरवा. हल्ली पुष्कळ गाड्यांत पट्ट्याऐवजी साखळी येते, त्यामुळं आमच्या अंगणात हे काम यायचं ते जुन्या गाड्यांचंच.

वाईट हे की पट्टा दिसत नाही आणि तुटायच्या आधी बहुतेक वेळा बोलतही नाही. औंढ्याला देवळाजवळ पूजेच्या सामानाचं दुकान असलेले एक गृहस्थ होते. त्यांच्या गाडीत पुढं देवांची इतकी गर्दी की काचेतून रस्ता कसा दिसत असेल कोण जाणे. दर अमावस्येला नवं लिंबू, नव्या मिरच्या, चाकांना नारळ. पट्टा मात्र गाडी घेतल्यापासून तोच. मिस्त्रींनी त्यांना दोनदा सांगितलं होतं. गाडी चालून राहिली मस्त, मग काहून उघडायची, हे त्यांचं उत्तर. एके दिवशी औंढ्याच्या अलीकडंच पट्टा तुटला आणि ट्रॅक्टरला दोर बांधून गाडी आमच्याकडं आली. हेड उतरवलं तर आठही व्हॉल्व्ह वाकलेले. ते गृहस्थ बराच वेळ ते व्हॉल्व्ह हातात घेऊन बसले. मला म्हणाले, वहिनी, एवढं नाजूक असतं का आत? मग जाताना दुरुस्त झालेल्या गाडीला त्यांनी आमच्याच अंगणात नारळ फोडला आणि मिस्त्रींच्या पाया पडले. ते हेड मी बसवलं होतं.

पण मी पुढं गेले. पहिल्या पट्ट्याचं सांगायचं राहिलं.

पहिला पट्टा मी बसवला तो जब्बारभाईंच्या गाडीचा. जब्बारभाई वसमतचे. भाविकांना औंढ्याला नेणारी त्यांची भाड्याची गाडी होती, जुनी पण लाडकी. शुक्रवारी सकाळी गाडी लावून ते नमाजाला गेले, दुपारनंतर येतो म्हणाले. मिस्त्रींनी चाक काढलं, जॅकवर लाकडी ठोकळा ठेवून इंजिनाला खालून आधार दिला, इंजिनाला धरून ठेवणारं बाजूचं माउंटिंग सोडलं. इथवर ते कसेबसे आले. झाकण निघालं आणि आतल्या फटीत हात घालायची वेळ आली. ती फट जेमतेम चार बोटांची. तिथं थरथरणारा हात घातला की पाना दर वेळी निसटायचा आणि बोटं पत्र्यावर आपटायची. त्यांच्या बोटांतून रक्त यायला लागलं. मी पाने पुसून देत होते. ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "तू घाल हात."

मी घातला. माझा हात बारीक, सहज आत गेला. ते स्टुलावर बसून सांगत गेले. शिकवणारे ते फार चांगले होते, चिडायचे पण सोडून द्यायचे नाहीत. नवा पट्टा आधी जुन्याशेजारी धरायला लावला, दात आणि रुंदी जुळते का बघायला. पट्टा बदलताना त्याला ताण देणारी चकती, म्हणजे टेन्शनर, नवी घालायची. पट्टा खालून क्रँकवर चढवायचा, ज्या बाजूला टेन्शनर नाही ती बाजू ताठ ठेवून वर न्यायचा, टेन्शनर शेवटी. खुणा पुसट होत्या, मिस्त्री त्यावर पांढरा रंग लावायचे आणि तो वाळायची वाट बघत बसायचे. मी घरातून नेलपॉलिश आणून ठिपके दिले. ते हसले. तेव्हा ते हसायचे.

सगळं बसल्यावर मी चावीकडं वळले तर ते ओरडले. आधी हातानं फिरव, म्हणाले. क्रँकच्या नटाला पाना लावून पूर्ण दोन फेरे, सावकाश. कुठं अडलं तर जोर लावायचा नाही. दोन फेऱ्यांनंतर खुणा परत जागेवर आल्या तरच चावी.

खुणा जागेवर आल्या. मी मान वर केली तर जब्बारभाई फाटकात उभे होते. ते कधी आले ते आम्हाला कळलं नव्हतं. माझे हात कोपरापर्यंत काळे, मिस्त्री स्टुलावर. जब्बारभाईंनी काही विचारलं नाही. मिस्त्रींना सलाम केला आणि मला म्हणाले, "भाभी, आनखी टाईम लागता क्या? मैं चाय पी के आता."

त्यानंतर जब्बारभाई गाडीचा आवाज सांगायचे तो मला. मिस्त्री समोर असले तरी. मिस्त्रींना ते रुचायचं नाही. जब्बारला मी सांगितलंय तू नुस्ते पाने धुवून राहिली होती म्हणून, असं ते मला एकदा म्हणाले. जब्बारभाईंनी ते ऐकून घेतलं असणार. ऐकून घेणारा माणूस होता तो.

मग तीच रीत पडली. गिऱ्हाइकानं गाडी लावायची आणि जायचं, संध्याकाळी यायचं. दिवसभर काम मी करायची. संध्याकाळी मी हात धुऊन आत असायची आणि मिस्त्री गाडीजवळ खुर्ची टाकून, खांद्यावर कळकट फडकं घेऊन बसलेले. मी माझंच फडकं त्यांच्या खांद्यावर बघायची. पहिली काही वर्षं मला त्याचं वाईट वाटलं नाही. घर चालत होतं. मुलगा अनिल शिकत होता. आणि खरं सांगायचं तर मला काम आवडायचं. स्वयंपाक केला की दोन तासांत पातेली रिकामी. पट्टा एकदा नीट बसवला की तो पुढची कितीतरी वर्षं पळतो, पाऊस-पाण्यात, घाटात, लग्नाच्या वऱ्हाडात. रस्त्यावर एखादी ओळखीची गाडी गेली की मी मनात म्हणायची, ही माझी. मोठ्यानं कधी म्हटलं नाही.

आता दत्तरावांचं सांगते.

दत्तराव आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावकडचे. मोठी शेती, चार माणसांत शब्दाला वजन, आवाज खणखणीत. हळद घेऊन वसमतच्या बाजारात येत तेव्हा त्यांची जुनी डिझेल गाडी आमच्याकडं यायची. नवी गाडी घेणं त्यांना काही जड नव्हतं, पण या गाडीतून त्यांनी तीन लेकी सासरी धाडल्या होत्या, म्हणून ती विकायची नाही असं त्यांनी ठरवलं होतं. गाडी तशी निगुतीनं ठेवलेली. पट्ट्याची वेळ झाली तेव्हा मिस्त्रींनी त्यांना नेहमीप्रमाणं गाडी लावून जायला सांगितलं. पण त्या दिवशी त्यांना घ्यायला येणारा माणूस आला नाही. दत्तरावांनी अंगणात बाज ओढली आणि मांडी घालून बसले. "करा तुमचं निवांत, मिस्त्री. मी बी जरा बघतो कारागिरी," म्हणाले.

मिस्त्रींनी माझ्याकडं पाहिलं. मी त्यांच्याकडं पाहिलं. दुसरा काही इलाज नव्हता. त्यांनी पाना उचलला.

चाक, झाकण, माउंटिंग निघायला नेहमीपेक्षा दुप्पट वेळ गेला. मी पाने देत होते, दत्तराव हळदीच्या भावाचं बोलत होते. मिस्त्रींच्या कपाळावरून घाम गळत होता. हात गाडीच्या आत असला की थरथर दिसत नव्हती, एवढंच बरं. त्यांनी जुना पट्टा उतरवला. कॅम असा उघडा असताना त्याच्यावर व्हॉल्व्हच्या स्प्रिंगांचा जोर असतो. जरा धक्का लागला की तो झटकन फिरतो. नवा पट्टा चढवताना त्यांचा हात थरथरला आणि कॅम फिरला. मला आवाज आला, टक्. त्यांनाही आला असेल. त्यांनी तसाच पट्टा बसवला, टेन्शनर आवळला.

मी वाकून बघितलं. वरची खूण जागेवरून बरीच सरकलेली होती. मी हळू आवाजात म्हणाले, "अहो, वरची खूण सुटली."

"तू चहा ठेव," मिस्त्री म्हणाले.

मी परत म्हणाले, एकदा बघा तरी. यावेळी त्यांनी मान वर केली. दत्तराव बोलायचे थांबले होते आणि बघत होते. "तुला चहा ठेव म्हणलं ना?" मिस्त्री म्हणाले. लग्नानंतर इतक्या वर्षांत परक्या माणसासमोर ते माझ्याशी असं बोलले नव्हते.

मी आत गेले. गॅसवर आधण ठेवलं. खिडकीतून अंगणातलं ऐकू येत होतं. दत्तरावांना उशीर होत होता, गोरेगावला लग्नाची बोलणी होती त्यांच्या पुतणीची. झालं का, लावू का चावी, असं ते विचारत होते. मिस्त्रींनी हातानं फिरवून बघावं म्हणून मी कान लावून बसले होते. पान्याचा आवाज आला नाही. त्या नटाला पाना लावून इंजिन फिरवायचं म्हणजे हातात जोर लागतो आणि तो हात सरळ राहावा लागतो. ते मिस्त्रींना जमणार नव्हतं, तेही दत्तरावांच्या डोळ्यांसमोर. "लावा," ते म्हणाले.

गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला तेव्हा मी चहा तसाच टाकून बाहेर पळाले. दत्तराव सीटवर बसले होते, चावी हातात होती. मी खिडकीतून हात घालून चावी काढून घेतली. एवढ्या मोठ्या माणसाच्या हातातून. कोणाला काही कळायच्या आत मी खाली बसून नटाला पाना लावला आणि फिरवला. अर्धा फेरा झाला न झाला आणि पाना घट्ट थांबला. आत पिस्टन व्हॉल्व्हला टेकला होता. चावी फिरली असती तर तीन लेकींची ती गाडी तिथंच बसली असती.

मी पाना थोडा उलटा घेतला, पट्टा उतरवला. सगळे पिस्टन अर्ध्यावर राहतील असा क्रँक मागं घेतला, म्हणजे कॅम मोकळा फिरवता येतो. कॅम खुणेवर आणला, मग क्रँक खुणेवर आणला. पट्टा चढवला. टेन्शनर आवळला. दोन फेरे फिरवून पाहिलं. खुणा जागेवर. मग मी दत्तरावांच्या हातात चावी दिली. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली.

हे सगळं दत्तरावांनी डोळ्यांनी पाहिलं. मिस्त्री बाजूला उभे होते, दोन्ही हात पाठीमागं बांधून. दत्तराव खाली उतरले, माझ्याकडं पाहिलं, मग मिस्त्रींकडं गेले आणि त्यांच्या पाठीवर थाप मारली. "वा मिस्त्री. काय तयार केलं हो बाईमाणसाला!"

मला वाटलं आता मिस्त्री बोलतील. ते बोलले. म्हणाले, "हात तिचा, इल्म माझा."

दत्तराव इतके खूश झाले त्या वाक्यावर की पुढं महिनाभर ते वाक्य गावोगाव फिरलं. मिस्त्री नुस्ता खुर्चीत बसून सांगतो, बायको हमाली करते, तरी गाडी बराबर होते. काय कारागीर आहे! मला बाजारात बायका हसून विचारायच्या, काय वो, तुमी पण नटबोल्ट पिळता म्हणे? झाकलेलं काम उघडं पडलं तर निदान माझं होईल असं मला कधीतरी वाटायचं. ते उघडं पडलं आणि आणखीच त्यांचं झालं.

दत्तराव गाडी घेऊन गेले त्या संध्याकाळी मी मिस्त्रींना विचारलं. भांडायला नव्हे, नुसतं विचारलं. एकदा, एका तरी माणसासमोर, पट्टा हिनं बसवला एवढं म्हणायला काय जातं?

त्यांनी हात पुढं केला. हात थरथरत होता. "आन् माझ्याजवळ काय राह्यलं मग?" म्हणाले.

त्या हाताकडं बघून काय बोलणार? पण आज लिहिताना मला उत्तर सुचतं. त्यांच्याजवळ सगळं गाव होतं. माझ्याजवळ ते एकटे होते, आणि त्यांनीच सांगितलं नाही.

काम चालू राहिलं. मिस्त्रींची खुर्ची अंगणातून ओसरीत गेली, ओसरीतून आत पलंगावर. त्यांना भरवायचं, अंग पुसायचं आणि मग बाहेर येऊन गाडीखाली जायचं, असं बरेच दिवस चाललं. शेवटी शेवटी त्यांचं बोलणं कळेनासं झालं होतं, तरी अंगणात गाडी सुरू झाली की ते मान कलती करून ऐकायचे. आवाज चांगला आला की डोळे मिटायचे. तेवढी पावती मला मिळत होती. मग ते गेले.

भेटायला खूप माणसं आली. दत्तरावही आले. घोंगडीवर बसून त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले, ते खोटं नव्हतं. म्हणाले, असा हात परत व्हणार न्हाई, आता गाडी कोणाच्या भरवशावर टाकावी. मी समोरच बसले होते. मी म्हणाले, "आणा की इथंच. मी हाय."

"आता काहून तकलीफ घेता ताई," ते मायेनं म्हणाले. "लई केलं तुमी मिस्त्रीचं. आता आराम करा."

आणि मला सगळ्यांनी आराम दिला. फाटकावर पाटी होती तशीच होती, हत्यारं होती तशीच होती, मी होते. गाड्या आल्या नाहीत. एकदा वसमतचा एक हळदीचा व्यापारी आला, दारात गाडी उभी केली, अंगणात नजर फिरवली. विचारलं, अनिल पुण्याहून कधी येणार? मी म्हणाले, अनिल कंपनीत आहे, त्याला या कामातलं काही येत नाही, काय झालंय गाडीला? ते म्हणाले, न्हाई न्हाई, सहज चाललो होतो. रिव्हर्स घेताना त्यांच्या गाडीचा आवाज मी ऐकला. पट्टा मीच बसवलेला होता, आवाज अजून ठीक होता. जब्बारभाईंनी तोवर वयामुळं गाडी विकून टाकली होती, नाहीतर ते आले असते असं मी धरून चालत होते.

वर्षश्राद्धाला अनिल आला. अंगणात मांडव घातला, पंगती बसायच्या आधी चार माणसं मिस्त्रींबद्दल बोलली. शेवटी दत्तराव उठले. त्यांनी त्या दिवसाची गोष्ट सांगितली. छान सांगतात ते. कसे मिस्त्री घामाघूम झाले होते, कशी मुलाकडची माणसं गोरेगावला खोळंबली होती, कशी चावी लावणार तेवढ्यात मिस्त्री म्हणाले थांबा, कुठंतरी चुकलं आहे. कसं त्या थरथरत्या हातांनी त्यांनी पट्टा उतरवला आणि परत चढवला. "त्या हातानं, बघा," असं म्हणून दत्तरावांनी स्वतःचा हात हलवून दाखवला. बायका डोळ्यांना पदर लावत होत्या. गोष्टीत मी कुठंच नव्हते. चहा ठेवायलासुद्धा नव्हते.

दत्तराव खोटं बोलत नव्हते, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. त्यांना आता ते तसंच आठवत होतं.

मी उभी राहिले. आवाज चढवला नाही. म्हणाले, "दत्तराव, तो पट्टा मी बसवला होता. तुमच्या हातातून चावी मी घेतली होती."

दत्तराव माझ्याकडं दयेनं बघत राहिले. मी जब्बारभाईंना शोधलं. ते कडेच्या खुर्चीवर बसले होते, टोपी नीट करत. त्यांनी खाली बघितलं. मग माझ्या नणंदेनं येऊन माझा दंड धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "दुःख आवरंना झालं वहिनीला." कोणी तरी पंखा माझ्याकडं वळवला. कोणी पाणी आणलं. दोघींनी मिळून मला आत नेलं आणि पलंगावर निजवलं, मिस्त्रींच्याच. बाहेर पंगत बसली.

जब्बारभाई जाताना दारापाशी थांबले. "भाभी, आज मिस्त्री की इज्जत का दिन था," म्हणाले. एवढंच. ऐकून घेणारा माणूस वेळ आली की बोलतोच असं नाही.

अनिल संध्याकाळी माझ्याजवळ बसला. तो लहान असताना अंगणात खेळायचा, शाळेतून आला की मी गाडीखालून त्याला हात दाखवायची. त्याला सगळं माहीत आहे. मी त्याला विचारलं, तू का नाही बोललास? तो मोबाईलशी चाळा करत म्हणाला, "आई, बाबांचं नाव तरी राहू दे ना."

"मी कुठं पुसून राहिले ते?" मी म्हणाले. "त्याच्या खाली माझं लिहा म्हणून राहिले." जाताना त्यानं मला सांगितलं की हत्यारं गंजून जातील, कोणाला तरी देऊन टाकू, आणि मागची आपली जुनी गाडीही भंगारात काढू. ती मिस्त्रींची लहान पेट्रोल गाडी, वर्षभर ताडपत्रीखाली उभी होती.

अनिल पुण्याला गेला त्याच आठवड्यात मी ताडपत्री काढली. या गाडीचा पट्टा मिस्त्री असतानाच बदलायला झाला होता, आणि दुसऱ्यांच्या गाड्यांत तो राहूनच गेला होता. वसमतला जाऊन मी बॅटरी चार्ज करून घेतली, पट्टा आणि टेन्शनर आणला. दुकानदारानं कोणत्या गाडीचा एवढंच विचारलं, कोण बसवणार ते विचारलं नाही. आणि यावेळी मी फाटक सताड उघडं ठेवलं. आत आडोशाला नको, चांगलं उन्हात, रस्त्यावरून दिसेल असं गाडी पुढं ढकलून घेतली.

सकाळपासून बसले. बॅटरीची तार काढली, जॅक लावला, चाक काढलं. क्रँकचा नट इतका जाम झाला होता की पान्याला पाईप घालून त्याच्यावर उभी राहिले तेव्हा सुटला. जुना पट्टा निघाला तो दातांच्या मुळाशी चिरलेला होता. गाडी आणखी थोडी चालली असती तर तो तुटला असता. नवा चढवताना माझे गुडघे दुखत होते, चष्म्यावर घाम पडत होता, पण हात बराबर चालत होते. हे काम मला येतं. ते मी कोणाला पटवून देऊ शकले नाही, पण मला ते येतं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा ते मी कोणासाठीही करत नव्हते.

रस्त्यानं जाणारी-येणारी माणसं बघत होती. कोणी रामराम घालून गेलं, कोणी मान वळवून. दुपारी पलीकडच्या गल्लीतली एक ओळखीची बाई कामावरून परतताना फाटकाशी थांबली. मी तेव्हा हातानं दुसरा फेरा पूर्ण करत होते.

"काय करून राहिल्या वो काकू?" तिनं विचारलं.

मी म्हणाले, टायमिंगचा पट्टा बदलून राहिले. तिनं पाने बघितले, सुटं चाक बघितलं, माझे काळे हात बघितले. तिला खरंच वाईट वाटलं.

"अवो, कोणी माणूस न्हाई का मिळाला?" ती म्हणाली.

मी वाकून पाहिलं. दोन्ही खुणा जागेवर होत्या. मी उठले, बॅटरीची तार जोडली, गाडीत जाऊन बसले.

"न्हाई मिळाला," मी म्हणाले, आणि चावी फिरवली.